तारीख नसलेला इशारा

दिवाळीच्या सुट्टीसाठी कोकणात खोली घेणारा पर्यटक फोनवर ठरलेले प्रश्न विचारतो. खोलीतून समुद्र दिसतो का, एसी आहे का, जेवणात सुरमई मिळेल का, आणि पाऊस तर नाही ना? समुद्र कसा असेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पाऊस नाही म्हणजे समुद्र शांत, असं देशावरच्या माणसाने मनाशी पक्कं धरलेलं असतं. गणपतीपुळ्याला देवळातून बाहेर पडलं की समोर वाळू आणि वाळूपलीकडे उघडा अरबी समुद्र. मध्ये बेट नाही की खाडीचा आडोसा नाही. पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून जे येईल ते थेट पुळणीवर येतं, आणि त्यातलं बरंचसं अशा ठिकाणाहून निघालेलं असतं की तिथल्या हवेचा रत्नागिरीच्या आभाळाशी काडीचा संबंध नसतो.

तेव्हा कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी. दिवाळीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत या किनाऱ्याचं चित्र साधारण कसं असतं?

मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणातून माघारी फिरतो. पावसाळ्यात दोन ते चार मीटर उंचीच्या लाटा आणणारा समुद्र नोव्हेंबरात बहुतेक दिवस मीटरभराच्या आत राहतो. पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात तेव्हा पाणी तळ्यासारखं सपाट दिसतं. दुपारी वायव्येचा वारा धरतो, पाण्यावर बारीक खळबळ सुरू होते, आणि दिवेलागणीला पुन्हा सगळं निवळतं. वर्षातले हे सर्वांत देखणे आठवडे. पुढे थंडीत अरबस्तानाकडून ‘शमाल’ वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या वायव्येकडच्या लाटा रत्नागिरी-गोव्यापर्यंत पोचतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतही मधूनच दोन-तीन दिवस पाणी अचानक उसळतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तो दिवस ऐन थंडीतला होता. पावसाळ्यात समुद्र धोक्याचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उरलेल्या आठ महिन्यांबद्दल कोणी काही सांगत नाही.

आता दिवाळीच्या चार दिवसांकडे बघू. इथे हवामानखात्याचीही गरज नाही, पंचांग पुरे. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे समुद्राला उधाण. भरती जास्त वर चढते आणि ओहोटी जास्त खाली उतरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब मुंबईसाठी आजही ढोबळमानाने बरोबर येतो. रत्नागिरीकडे भरती त्याच्या थोडी आधी लागते. या हिशेबाने लक्ष्मीपूजनाला भरती सव्वाअकराच्या आसपास, पाडव्याला पाऊणला, भाऊबीजेला दीडला. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे दिवाळीच्या दिवसांत दुपारभर पाणी ओसरत असतं आणि ओहोटीचा तळ सूर्यास्ताच्या आगेमागे गाठला जातो. पर्यटक नेमका त्याच वेळी समुद्रात उतरतो. जेवण, वामकुक्षी, देवदर्शन आणि मग साडेचारला पाण्यात, हा त्याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे.

पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला पुन्हा हेच. अधल्यामधल्या अष्टमी-नवमीला मात्र भांगाची भरती असते. चढउतार कमी, आणि भरती संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. मुलाबाळांना घेऊन संध्याकाळी पाण्यात पाय बुडवायचे असतील तर हे दिवस त्यातल्या त्यात बरे. सुट्टी मात्र शाळेच्या वेळापत्रकाने मिळते, तिथीने नाही.

ओहोटीला एवढं महत्त्व कशासाठी? पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे आडवे बांध घालतात. हिवाळ्यातल्या सौम्य लाटा ती वाळू हळूहळू परत आणून टाकतात. दिवाळीच्या सुमारास ही परतफेड पुरी झालेली नसते. लाटांबरोबर आत आलेलं पाणी बांधाला जिथे खिंड पडलेली असते तिथून बाहेर धावतं, आणि पाणी जितकं उतरलेलं तितका हा प्रवाह त्या खिंडीत कोंडून जोरात जातो. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. किनाऱ्यावरची माणसं ‘पाण्याला ओढ आहे’ एवढंच म्हणतात. गंमत अशी की ही जागा नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत दिसतं. बरोब्बर तिथेच कुटुंब उतरतं. खाडीच्या मुखाशी हा धोका आणखी मोठा, कारण तिथे ओहोटीबरोबर अख्खी खाडी रिकामी होत असते.

या प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जाऊ शकतो. ऑलिंपिकमधल्या जलतरणपटूलाही त्याच्या विरुद्ध फार वेळ टिकता येत नाही, मग कमरेला जीन्स आणि पोटात जेवण घेऊन उतरलेल्या माणसाचं काय! ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे हात मारत दमू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकावं. प्रवाहाचा पट्टा अरुंद असतो आणि तो माणसाला पाण्याखाली ओढत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो घाबरून आणि दमून. त्याला वाचवायला एकामागून एक उडी घेणारेही तसेच बुडतात. एका घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच.

भरती-ओहोटी वर्षानुवर्षं आधी मांडता येते. लाटांचं तसं नाही. नोव्हेंबरातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी पुळणीवर फुटणारी लांब, संथ लाट आफ्रिकेच्या दक्षिणेला, पंचेचाळीस अंश दक्षिण अक्षांशाजवळच्या वादळात जन्मलेली असू शकते. सोळा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या अशा लाटांचा ताफा खोल समुद्रात दिवसाला हजारेक किलोमीटर कापतो. सुमारे आठ हजार किलोमीटरचं अंतर, म्हणजे सात-आठ दिवसांचा प्रवास. ही वरात निघाल्याचं उपग्रहांना दिसतं, ती कधी पोचेल हे गणिताने कळतं, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था ते रोज सांगते. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मच्छीमारांना मासळीच्या जागा कळवते, त्सुनामीचा इशारा देते आणि लाटांची उंची, दिशा, कालावधी, वाऱ्याचा वेग यांचे अंदाज देते. ‘समुद्र’ नावाचं तिचं मोबाइल ॲपही आहे.

मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात या संस्थेने दक्षिणेकडून येणाऱ्या लाटांचा इशारा दिला होता. केरळ, तमिळनाडूसह मुंबईलाही तो लागू होता. सांगितलेली उंची होती अर्धा ते दीड मीटर. आकडा वाचून कोणी दचकावं असा तो नव्हताच. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात एका किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण लाटेने ओढून नेले. शिकलेली, शहाणी मुलं होती आणि इशारा जाहीर झालेला होता. तरीही तो त्यांच्यापर्यंत उपयोगी पडेल अशा रीतीने पोचला नाही.

याचं एक कारण आकड्यातच आहे. अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. एक मीटरचा अंदाज असताना मधूनच दोन मीटरच्या जवळपासची लाट येणं अगदी नियमात बसतं. लाटा घोळक्याने येतात. पाच-दहा मिनिटं सगळं निवांत असतं आणि मग चार-पाच मोठ्या लाटा पाठोपाठ आदळतात. शिवाय सगळ्या मीटरभर लाटा सारख्या नसतात. सहा सेकंदांच्या अंतराने येणारी मीटरभर लाट ही दुपारच्या वाऱ्याची करामत असते. तेवढ्याच उंचीची पंधरा सेकंदांची लाट अडीचपट शक्ती घेऊन येते आणि उथळ पाण्यात शिरताना आणखी उंचावते. लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी सर्फर मंडळी म्हणूनच उंचीइतकीच सेकंदांचीही चौकशी करतात. गोव्यात हरमल, मोरजी, आश्वे इथे शिकायला येणारी मुलं पहिल्या आठवड्यातच हे वाचायला शिकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मामल्लपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवल्यापासून या खेळाची चर्चा आपल्याकडेही वाढली आहे. सर्फिंगची संकेतस्थळं कोणत्याही किनाऱ्याचे पुढच्या दहा-पंधरा दिवसांचे लाटांचे तक्ते दाखवतात. त्यातले पहिले तीन-चार दिवस विश्वासाचे, आठवड्यानंतरचे निव्वळ सूचक. खोली घेताना पंधराव्या दिवसाचा तक्ता बघून कोणी निश्चिंत होऊ नये.

राहिली वादळं. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे पर्यटनाचा बहर आणि वादळांचा दुसरा हंगाम एकाच वेळी येतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलं. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ‘ओखी’ गुजरातकडे जाता जाता विरलं, तरी त्याने मुंबईतल्या शाळा बंद करायला लावल्या. आणि २०१९ ची दिवाळी तर कोकणात कोणी विसरणार नाही. २७ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं आणि त्याच सुमारास ‘क्यार’ महाचक्रीवादळाच्या ताकदीला पोचलं होतं. ते भारताच्या किनाऱ्यावर आलंच नाही, ओमानच्या दिशेने निघून गेलं. पण त्या आठवड्यात सिंधुदुर्गात लाटा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांपर्यंत आल्या, देवगड बंदरात परराज्यांतल्या नौकाही आसऱ्याला आल्या, आणि तिकडे दोना पावलाजवळ ‘नू शी नलिनी’ हे नाफ्थाने भरलेलं जहाज भरकटत येऊन खडकांत रुतलं. लगोलग ‘महा’ नावाचं दुसरं वादळ आलं.

वादळ लांबून जातं तेव्हाही लाटा किनाऱ्यावर येतात, हे २०२३ च्या जूनमध्ये जुहूला पुन्हा दिसलं. ‘बिपरजॉय’ गुजरातच्या वाटेवर होतं आणि चार मुलं समुद्रात गेली ती परत आली नाहीत. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात वादळ तयार होण्याची शक्यता किती, याचं टिपण प्रसिद्ध करतो. कोकणातल्या हॉटेलमालकांनी आणि सहली काढणाऱ्या शाळांनी दिवाळीपूर्वीच्या दोन गुरुवारी एवढं एक पान वाचलं तरी पुष्कळ. जिल्ह्यासाठी दिला जाणारा पिवळा, नारिंगी, लाल इशारा ही वेगळी गोष्ट आहे. तो मुख्यतः पाऊस, वारा आणि विजांसाठी असतो. रत्नागिरी जिल्ह्याचा रंग हिरवा असताना गणपतीपुळ्याच्या लाटा उसळलेल्या असू शकतात, आणि टीव्हीवरचा हिरवा नकाशा बघून आलेल्या माणसाला ते सांगणारं किनाऱ्यावर कोणी नसतं.

म्हणजे माहितीचा तुटवडा नाही. भरतीच्या वेळा ठाऊक आहेत, लाटांचा तीन-चार दिवसांचा अंदाज आहे, वादळाचं दोन आठवड्यांचं टिपण आहे. मच्छीमाराला ती मिळते, कारण ती त्याच्यासाठीच तयार होते. पर्यटकाच्या वाट्याला येतो तो एक गंजका फलक: समुद्रात उतरणे धोकादायक आहे. हा फलक जुलैत तेच म्हणतो आणि जानेवारीतही तेच. उधाणाच्या दिवशी आणि भांगाच्या दिवशी, लाट सहा सेकंदांची असो की सोळा, मजकूर एकच. शेजारी घोडागाडी, उंट, केळ्याच्या आकाराची बोट आणि पाण्यात खेळणारी दोनशे माणसं. जो इशारा वर्षाचे ३६५ दिवस सारखाच असतो तो इशाराच नव्हे. त्यातून कोणाला काही कळत नाही, फक्त अपघातानंतर ‘फलक लावला होता’ असं म्हणायची सोय होते.

गोव्याने २००८ मध्ये किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमण्याचं काम ‘दृष्टी’ या संस्थेकडे सोपवलं. तिथे आज पाण्याची स्थिती बघून झेंडे लागतात. लाल असेल तर पोहायचं नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला पट्टा त्यातल्या त्यात सुरक्षित. झेंडे असतानाही गोव्यात माणसं बुडतात, हे खरं. पण पर्यटकाला निदान आज आणि इथे काय करावं हे कळतं. महाराष्ट्रात काही गर्दीच्या किनाऱ्यांवर ग्रामपंचायतींनी जीवरक्षक नेमले आहेत. बहुतेक गावातलीच, पाण्यात वाढलेली मुलं. ओढ कुठे आहे हे त्यांना नजरेनेच समजतं. त्यांना मोबदला किती, साधनं काय आणि शिट्टीपलीकडे अधिकार कोणते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मागणी अगदी छोटी आहे. प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर, पार्किंगची पावती फाडली जाते तिथेच, खडूने लिहायचा एक काळा फळा लावावा. वर आजची तारीख. खाली मराठीत चार ओळी: भरती आणि ओहोटीच्या वेळा, लाटांची उंची व सेकंद, वाऱ्याचा जोर, आणि जीवरक्षकाने सकाळी स्वतः बघून ठरवलेली ओढीची जागा. शेवटी एक झेंडा. सकाळी सातला दहा मिनिटांचं काम. खर्च म्हणावा तर फळा आणि खडू.

यावर आक्षेप येणार. ऐन दिवाळीत लाल झेंडा लागला तर धंदा बुडेल, हा पहिला. पण लाल झेंड्याने खोल्या रिकाम्या होत नाहीत, फक्त माणसं वाळूवर बसून सूर्यास्त बघतात आणि नंतर सोलकढी मागवतात. एखादा अपघात झाला की मात्र काही दिवसांसाठी अख्ख्या किनाऱ्यावर बंदी येते, जलक्रीडावाल्यांच्या बोटी उभ्या राहतात, आणि बातमी महिनाभर फिरते. अंदाज चुकला तर जबाबदार कोण, हा दुसरा आक्षेप. तो जास्त खरा आहे, आणि बहुधा म्हणूनच तारीख नसलेला फलक सगळ्यांना सोयीचा वाटतो. त्याला उत्तर एकच: जिल्हा प्रशासनाने लेखी ठरवून द्यावं की शंका असेल तर झेंडा लालच लागेल, आणि तो लावणाऱ्या पोराला कोणी सरपंच, कोणी रिसॉर्टवाला, कोणी मुंबईहून आलेला बडा पाहुणा खाली उतरवायला लावणार नाही. फळा वाचतो कोण, हा तिसरा. सगळे वाचणार नाहीत. पण शाळेची सहल घेऊन आलेल्या शिक्षकाला वाचावाच लागेल, कारण आज ओहोटी किती वाजता होती हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्याला नंतर म्हणता येणार नाही.

वसुबारसेच्या आत किनाऱ्यावरच्या पाच-सहा मोठ्या ग्रामपंचायतींनी हे सुरू केलं तर याच हंगामात त्याची परीक्षा होऊ शकते. गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली, दिवेआगर, काशीद यांनी सरकारी आदेशाची वाट बघण्याचं काही कारण नाही. तोवर पर्यटकाने खोलीच्या चौकशीत दोन प्रश्नांची भर घालावी: आज ओहोटी किती वाजता, आणि किनाऱ्यावर जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो? दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. आणि कोणी ओढीत सापडलंच, तर मागे उडी मारण्याआधी रिकामं पिंप, फुगवलेली ट्यूब, हाताला लागेल ते तरंगणारं फेकावं, जीवरक्षकाला हाक मारावी आणि ११२ वर फोन करावा.